विकृती अहवाल वाचताना: दाण्यांच्या हालचालीवरून वाळूची विकृती कशी मोजली जाते

आमच्या चाचणी अहवालात वाळूच्या विकृतीचे, म्हणजे स्ट्रेनचे (मूळ मापाच्या तुलनेत आकार किती बदलला, त्याचे), दोन आकडे असतात आणि ते एकमेकांशी का जुळत नाहीत, अशी विचारणा ग्राहकांकडून वारंवार होते. डायल गेजवरून (नमुन्याची कड किती सरकली ते दाखवणाऱ्या मापकावरून) संपूर्ण नमुन्याची विकृती समजा ३ टक्के येते, तर छायाचित्रांवरून काढलेल्या विकृतीच्या रंगीत नकाशावर काही ठिकाणी ती २० टक्क्यांच्या पुढे गेलेली दिसते. यांतला कोणताही आकडा चुकीचा नाही. गेजला फक्त कडा सरकलेल्या कळतात. घट्ट बसवलेली वाळू मात्र तुटू लागली की बरीचशी हालचाल एका अरुंद पट्ट्यात एकवटते. या पट्ट्याची जाडी साधारणपणे दाण्याच्या सरासरी व्यासाच्या दहा ते वीस पट असते.

हा पट्टा दिसावा म्हणून चाचणी चालू असताना नमुना ठेवलेल्या पेटीच्या काचेतून ठरावीक वेळाने छायाचित्रे घेतली जातात, प्रत्येक दाण्याचा मध्यबिंदू पुढच्या छायाचित्रात कुठे गेला ते शोधले जाते आणि शेजारच्या मध्यबिंदूंना जोडून त्रिकोणांचे जाळे तयार केले जाते. एकच त्रिकोण पाहू. खालचे दोन दाणे जागीच आहेत. त्यांच्यापासून २ मिमी उंचीवर असलेला तिसरा दाणा ०.०४ मिमी बाजूला सरकला आणि ०.०२ मिमी वर उचलला गेला. या हालचालींना उंचीने भागले की कर्तन विकृती (बाजूला सरकल्यामुळे येणारी) २ टक्के आणि उभ्या दिशेची वाढ १ टक्का येते, म्हणजेच त्रिकोणाचे क्षेत्रफळ १ टक्क्याने वाढले. त्याच हालचालीत त्रिकोण अर्ध्या अंशाहून किंचित जास्त फिरलाही. परंतु नुसते फिरणे म्हणजे विकृती नव्हे, म्हणून तो भाग वेगळा काढला जातो.

क्षेत्रफळाची ही वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पाऊल दाबताच भोवतालची वाळू क्षणभर कोरडी पडते, ते याचमुळे: दाणे एकमेकांवर चढतात, मधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि वरचे पाणी आत ओढले जाते. शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचे विवेचन केले होते.

एकट्या त्रिकोणावर मात्र विसंबू नये. मध्यबिंदूंमध्ये २० पिक्सेलचे अंतर असेल, तर ०.१ पिक्सेलची चूकही ०.५ टक्के खोटी विकृती दाखवते; शिवाय एखादा दाणा शेजाऱ्यांना सोडून एकटाच घरंगळतो. म्हणून आम्ही अनेक त्रिकोणांची क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी काढूनच आकडा छापतो. या सरासरीचा एक फायदा असा की आतल्या दाण्यांची हालचाल बेरजेत परस्पर कटते आणि एकूण आकडा केवळ बाहेरच्या कडेवरच्या दाण्यांवरून ठरतो, त्यामुळे तो गेजशी पडताळता येतो. सरासरीचे क्षेत्र मोठे घेतले की पट्टा फिका आणि रुंद दिसतो; दोन प्रयोगशाळांच्या नकाशांची तुलना करण्यापूर्वी हे क्षेत्र दोन्हीकडे सारखे आहे ना, ते कृपया पाहावे.

काचेलगतच्या दाण्यांना काचेचे घर्षण लागते आणि नमुन्याच्या पोटातले दाणे कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यासाठी क्ष-किरण टोमोग्राफी (क्ष-किरणांनी नमुन्याच्या आतले चित्र घेणारी पद्धत) लागते, जी आमच्याकडे नाही. गाळासारखे बारीक कण या पद्धतीने सुटे ओळखता येत नाहीत, त्यामुळे नमुना पाठवताना सोबत चाळणी चाचणीचा (कोणत्या आकाराचे दाणे किती आहेत ते दाखवणारा) तक्ता जोडावा.