राजपत्रात छापलं म्हणजे लागू झालं? मसुदा नियम आणि अंतिम नियम

२०२३ च्या जुलैत अण्णा माझ्या ऑफिसात आले ते घामाघूम होऊन. सोलापुरात विजापूर रोडवर माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, सोबत गाड्यांच्या पासिंगचे आणि परमिटचे कागदही करून देते. अण्णांचे चार ट्रक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलच्या गाठी भरायच्या आणि हैदराबादचा रस्ता धरायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. मोबाइल पुढे धरून म्हणाले, "मॅडम, ट्रकच्या केबिनला एसी कंपल्सरी झालाय. हे बघा, राजपत्रच आहे. आता माझ्या चारही गाड्या उभ्या करायच्या का?"

पान खरं होतं. भारताचं राजपत्र, असाधारण. मजकूरही खराच होता. चूक एकच होती: तो नियम नव्हता, नियमाचा मसुदा होता. अण्णांपर्यंत आलेल्या फोटोत फक्त दुसरं पान होतं आणि मसुदा असल्याचं सांगणारा परिच्छेद पहिल्या पानावर राहून गेला होता.

तेव्हापासून मी हा फरक जमेल त्याला समजावून सांगते, कारण आपल्याकडे गाड्यांच्या सुरक्षेबाबत जेवढ्या अफवा पसरतात त्यातल्या बऱ्याच अफवा नसतातच. ते मसुदे असतात. खरे, सरकारी, छापील, पण मसुदे.

गोंधळ होतो यात लोकांचा दोष नाही. हे दोन कागद जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन्ही सडक परिवहन आणि राजमार्ग मंत्रालय काढतं. दोन्ही राजपत्राच्या त्याच भागात, त्याच खंडात छापले जातात. दोन्हींना 'सा.का.नि.' (इंग्रजीत 'जी.एस.आर.') म्हणून क्रमांक मिळतो. दोन्हींना 'अधिसूचना'च म्हणतात, आणि बातमीत 'अधिसूचना जारी' एवढंच येतं. त्याहून घोटाळ्याची गोष्ट म्हणजे मसुद्यातही पुढे होणाऱ्या नियमाचा मजकूर जसाच्या तसा छापलेला असतो. 'केंद्रीय मोटार वाहन (अमुक दुरुस्ती) नियम' हे नावसुद्धा आत असतं, कोणत्या तारखेनंतर बनलेल्या गाडीला काय बसवायचं तेही असतं. मधलं पान कापून पाठवलं तर भल्याभल्यांना ओळखू येणार नाही.

ओळखायचं कसं, तर पहिला परिच्छेद वाचायचा. राजपत्र हिंदीत आणि इंग्रजीत असतं. मसुद्याला हिंदीत 'प्रारूप' म्हणतात. मसुद्याच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २१२ च्या पोटकलम (१) नुसार, ज्यांच्यावर परिणाम होण्याची शक्यता आहे अशा सर्वांच्या माहितीसाठी हे प्रारूप प्रसिद्ध करत आहोत, आणि राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून अमुक दिवसांनी, बहुतेक वेळा तीस दिवसांनी, त्यावर विचार केला जाईल. पुढे हरकती आणि सूचना पाठवायचा पत्ता असतो: परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली. ईमेलही असतो.

अंतिम अधिसूचनेची सुरुवात उलटी, म्हणजे मागे वळून बघणारी. अमुक तारखेला, अमुक क्रमांकाने प्रारूप प्रसिद्ध केलं होतं, हरकती-सूचना मागवल्या होत्या, आलेल्यांचा विचार केला, आणि म्हणून आता केंद्र सरकार हे नियम करत आहे. 'विचार केला जाईल' असेल तर मसुदा, 'विचार केला' असेल तर नियम. क्रियापदाच्या काळावर सगळं ठरतं.

हे दोन टप्पे मंत्रालयाने हौसेने ठेवलेले नाहीत. गाडीची बांधणी, ब्रेक, काचा, दिवे, पट्टे यांबद्दल नियम करायचा अधिकार कलम ११० ने केंद्राला दिला, पण कलम २१२ ने अट घातली की तो नियम आधी मसुदा म्हणून लोकांपुढे ठेवला पाहिजे. आधी प्रसिद्धी म्हणजे नेमकं काय करायचं, ते १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २३ मध्ये आहे: मसुदा छापा, विचाराची तारीख सांगा, तोवर आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्या. मग अंतिम नियम. तो झाल्यावर संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढेही ठेवावा लागतो, पण त्यासाठी तो लागू व्हायचा थांबत नाही.

म्हणजे मसुद्याच्या कागदाने काहीच बंधनकारक होत नाही. मसुद्यावर कुठला वाहतूक पोलीस पावती फाडू शकत नाही, आरटीओ पासिंग अडवू शकत नाही, कंपनीलाही गाडीत काही बदल करावा लागत नाही. मसुद्यात आलेलं पुढे होईलच, याची खात्रीही नसते.

सहा एअरबॅगची गोष्ट आठवते का? १४ जानेवारी २०२२ ला मसुदा आला. १ ऑक्टोबर २०२२ नंतर बनणाऱ्या प्रवासी कारमध्ये पुढच्या दोन एअरबॅगशिवाय बाजूच्या दोन आणि पडद्यासारख्या दोन, अशा एकूण सहा असाव्यात, असा प्रस्ताव होता. बातम्या आल्या त्या 'सहा एअरबॅग अनिवार्य' अशाच. माझ्याकडे गाडी शिकलेल्या होटगी रोडच्या एका शिक्षिकाबाईंनी कार घ्यायचं वर्षभर लांबवलं, 'नियम लागला की सगळ्याच गाड्यांना मिळतील' म्हणून. सप्टेंबर २०२२ च्या शेवटी गडकरींनी सांगितलं की सुट्या भागांच्या पुरवठ्याची अडचण आहे, तारीख १ ऑक्टोबर २०२३ करू. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनीच सांगितलं की सहा एअरबॅगची सक्ती करायची नाही. पावणेदोन वर्षं ज्याला सगळे नियम म्हणत होते, तो नियम झालाच नाही. माझ्या मते तो व्हायला हवा होता. बाजूने धडक बसली की पुढच्या एअरबॅगचा फारसा उपयोग होत नाही, आणि आपल्या महामार्गांवर गावोगावच्या चौकात बाजूनेच गाड्या येतात. पण व्हायला हवा होता आणि झाला, यातलं अंतर बाईंच्या त्या वर्षभराएवढं आहे.

यात आणखी एक पीळ पडला. भारत एनकॅप, म्हणजे गाडी आपटून बघून तारे देण्याची योजना, सुरू झाली तीही १ ऑक्टोबर २०२३ लाच. तारीख तीच, म्हणून दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एक झाल्या. ही योजना ऐच्छिक आहे. कंपनीने गाडी पाठवली तर चाचणी होते. तारे नाहीत म्हणून गाडी बेकायदा ठरत नाही.

मसुद्याचा नियम होतो तेव्हाही तो जसाच्या तसा होतो असं नाही. ड्रायव्हरशेजारच्या सीटची एअरबॅग घ्या. डिसेंबर २०२० च्या मसुद्यात चालू मॉडेलसाठी १ जून २०२१ ही तारीख होती. मार्च २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत ती ३१ ऑगस्ट २०२१ झाली, आणि पुढे तीही वर्षअखेरपर्यंत गेली. नवीन मॉडेलसाठी मात्र १ एप्रिल २०२१ ही तारीख कायम राहिली. मसुदा बघून तारीख पाठ केलेला माणूस इथे फसतो. त्यात 'नवीन मॉडेल' म्हणजे नवीन घेतलेली गाडी नव्हे. बाजारात पहिल्यांदाच येणारं मॉडेल. हाही घोळ माझ्याकडे आठवड्यातून एकदा निस्तरावा लागतो.

लहान मुलांच्या हेल्मेटचं प्रकरण मला जास्त लागलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मसुदा निघाला: दुचाकीवर चार वर्षांखालचं मूल नेताना त्याला सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. दिवाळीच्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका आजोबांना ॲक्सेसरीच्या दुकानात सांगितलं गेलं, 'कायदा झालाय, पट्टा नाही तर दंड.' त्यांनी घाबरून पट्टा घेतला. घरी आणला तर बकल दाबल्यावर धडपणे बसतही नव्हतं, आणि मुलाच्या वजनाला तो पुरेल की नाही हे त्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. अंतिम नियम निघाला १५ फेब्रुवारी २०२२ ला, आणि तोही लगेच लागू झाला नाही. प्रसिद्धीनंतर एक वर्षाने, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून लागू, असं त्यातच लिहिलं होतं. पट्टा ३० किलोपर्यंतचं वजन पेलणारा हवा, हेही त्यात होतं. आजोबांनी थांबून तो कागद वाचला असता तर काय मागायचं ते त्यांना दुकानात कळलं असतं. नातवाला पट्टा लावायचा हे त्यांचं मन बरोबरच होतं. भीती दाखवून त्यांना हलका माल विकला गेला, याचा मला अजून राग येतो.

म्हणजे तारखा दोन नाहीत, तीन धरायच्या: मसुद्याची, अंतिम अधिसूचनेची, आणि अंमलाची. पावती फाटते ती तिसरीनंतर.

गाडीच्या बांधणीच्या नियमात त्यापुढेही एक बारीक शब्द असतो: 'उत्पादित'. अमुक तारखेला किंवा त्यानंतर बनलेल्या गाड्यांना. रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाडीला तो नियम मागे जाऊन लागत नाही, तसं वेगळं लिहिलेलं असल्याशिवाय. अण्णांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका शब्दात होतं. त्यांचे चारही ट्रक जुने. मसुदा असो की नियम, त्यांना उभं राहायची गरजच नव्हती.

उरलेलं निम्मं उत्तर देताना मात्र मी त्यांना बसवून घेतलं. कारण मसुदा नियमाहून हलका असला तरी एका बाबतीत तो वरचढ आहे: त्यावर आपण बोलू शकतो. अंतिम अधिसूचना आल्यावर पाळणं किंवा कोर्टात जाणं, एवढेच रस्ते उरतात. मसुद्याच्या त्या तीस दिवसांत सोलापूरचा ट्रकमालक, ड्रायव्हर, बॉडी बांधणारा, कुणीही दिल्लीला लिहू शकतो, आणि त्याचा विचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. मान्य करणं बंधनकारक नाही, विचार करणं आहे. कंपन्या आणि त्यांच्या संघटना हे तीस दिवस वाया घालवत नाहीत. मानकांचा तपशील ठरतो त्या समित्यांतही त्यांची माणसं असतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत 'एआयएस' (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) क्रमांकाची जी मानकं तयार होतात ती तिथूनच नियमांत येतात. आपण मात्र त्या तीस दिवसांत फोटो फॉरवर्ड करतो आणि दुकानदाराचं ऐकतो.

पत्र लिहायला वकील लागत नाही. मसुद्याचा सा.का.नि. क्रमांक आणि तारीख वर लिहायची. कुठल्या पोटनियमाबद्दल बोलतोय ते सांगायचं. त्यातला कुठला शब्द बदलून काय हवंय, ते लिहायचं. आणि कारण द्यायचं ते आपल्या अनुभवातलं. 'हा नियम अन्यायकारक आहे' एवढ्याने कुणाला काही समजत नाही. 'ऊस हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, वाढे लोंबून परावर्तक पट्टी झाकली जाते, म्हणून पट्टी किती उंचीवर असावी ते नियमात लिहा,' असं लिहिलं तर समोरच्याला करायला काहीतरी मिळतं. ट्रॉलीचं हे उदाहरण मी उगाच घेतलं नाही. मोहोळ, पंढरपूर, माढ्याकडे हिवाळ्यात रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

अण्णांनी आणि मी त्या दुपारी हिंदीत दीड पान लिहिलं. केबिनच्या एसीला त्यांचा विरोध नव्हता. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो, इंजिनची धग केबिनमध्ये येते, आणि ड्रायव्हर त्यातच बारा-बारा तास बसतो. दुपारी तीनला उमरग्याच्या पुढे डोळा कसा लागतो, हे त्यांनी स्वतः चालवताना अनुभवलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की छोट्या मालकाला नव्या गाडीच्या वाढीव किमतीची तयारी करायला मुदत हवी. तेच लिहिलं. मसुद्यात १ जानेवारी २०२५ ही तारीख होती, ती पुढे न्यावी.

डिसेंबर २०२३ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना, म्हणजे एन-२ आणि एन-३ वर्गाला, केबिनमध्ये एसी. तारीख १ ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर उत्पादित. आमच्या दीड पानाने ती नऊ महिने पुढे गेली असं मी म्हणणार नाही. देशभरातून, आणि आमच्याहून कितीतरी मोठ्या लोकांची पत्रं गेली असणार. पण अण्णांनी तो कागद वाचला तो या वेळी पहिल्या पानापासून, आणि 'प्रारूप प्रसिद्ध केलं होतं' या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, या ओळीत आपलं पण पत्र आहे की."