टँकरातलं पाणी आणि डोलणारं जहाज

मे महिन्यात आमच्या गावाला ट्रॅक्टरमागचा टँकर पाणी पुरवतो. पांदणीच्या वळणावर ड्रायव्हरला भरल्या टँकरची फारशी धास्ती नसते, अर्ध्या टँकरची असते. एक चाक खड्ड्यात गेलं की मोकळं पाणी धप्पकन त्याच बाजूला धावतं आणि टँकर आणखी कलतो.

जहाजाचा घातही असाच होतो. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून निघाली ती पुढचं दार उघडं ठेवूनच. गाड्यांच्या मजल्यावर शिरलेलं पाणी एका बाजूला धावलं, बोट कलंडली आणि १९३ माणसं गेली.

म्हणूनच मला नवल वाटतं ते याचं, की हेच मोकळं पाणी जहाजाला सावरूही शकतं. इंग्लंडच्या फिलिप वॉट्स यांनी १८८० च्या दशकात ‘इनफ्लेक्झिबल’ युद्धनौकेवरच्या पाण्याच्या कप्प्यांचा अभ्यास मांडला. १९११ मध्ये जर्मन अभियंता हेरमान फ्राम यांनी त्याला नेटका आकार दिला : दोन्ही कडांना दोन उभ्या टाक्या, खालून जोडणारा पाण्याचा मार्ग, वरून हवेची नळी. म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षरच.

घरी करून बघा. परातीत दोन बोटं पाणी घ्या, परात दोन्ही हातांनी धरून हलवा. अगदी सावकाश हलवली तर पाणी परातीसोबत निमूट कलतं. वेग थोडा वाढवा. एका ठरावीक तालाला पाणी एकदम उसळी मारतं, आणि ते हाताच्या जरा मागे पडलेलं असतं.

सगळी किमया या मागे पडण्यात आहे. झोक्याला त्याच्या तालात ढकललं की तो चढत जातो. लाटांचा ताल जहाजाच्या डोलण्याशी जुळला की जहाजाचंही तेच होतं. अशा वेळी जहाज लाटेच्या पाव फेरा मागे असतं. टाकीतल्या पाण्याचा ताल जहाजाशी जुळवला, तर पाणी जहाजाच्याही पाव फेरा मागे राहतं. पाव आणि पाव मिळून अर्धा फेरा, म्हणजे लाटेच्या बरोबर उलट! जहाज उजवीकडून सरळ होत डावीकडे झुकायला निघतं, तेव्हा पाण्याचा भार अजून उजवीकडेच असतो. तोच त्याला आवरून धरतो. ना मोटर, ना पंप.

ताल बिघडला तर मात्र डोलणं वाढूही शकतं. म्हणून पाण्याची पातळी कमी-जास्त करतात, हवेच्या नळीची झडप आवळतात. शिवाय मोकळ्या पाण्यामुळे जहाजाची मूळची स्थिरता थोडी घटतेच, तेवढी शिल्लक आधीच राखावी लागते.

जहाजाच्या पोटाशी बाहेर पंखही लावतात, पण नेहमीचे पंख जहाज वेगात असतानाच नीट काम करतात. जाळं टाकून उभ्या असलेल्या मासेमारी बोटीला किंवा समुद्रतळ मोजत रेंगाळणाऱ्या संशोधन जहाजाला आधार असतो तो या टाकीतल्या पाण्याचा.