बेकारी विमा : तात्पुरत्या कामगारांची पात्रता

मुदतबंद, हंगामी किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेमार्फत नेमलेल्या कामगारास काम संपल्यावर बेकारी लाभ मिळण्यासाठी ज्या अटी पुऱ्या कराव्या लागतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे.

या विम्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. स्वित्झर्लंडमधील बर्न शहराने १८९३ मध्ये ऐच्छिक निधी काढला. सेंट गॅलन शहराने १८९५ च्या सुमारास सक्तीची योजना आणली. ती १८९७ मध्ये गुंडाळावी लागली. काही अभ्यासक उगमाचा मान बेल्जियममधील गेंटच्या नगरपालिकेला देतात. तिने १९०१ पासून कामगार संघटनांच्या निधींना अनुदान दिले. राष्ट्रव्यापी सक्ती हा निकष धरल्यास ब्रिटनचा १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आद्य ठरतो, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र प्रस्तुत विषयाचे मूळ सेंट गॅलनमध्येच दिसते : बारमाही नोकरी असलेल्यांनी वर्गणी भरायची आणि काम वारंवार सुटणाऱ्यांनी लाभ घ्यायचा, ही तेथील तक्रार पुढे सर्वत्र ऐकू आली.

ब्रिटिश कायद्याने तिच्यावर हिशेबी तोड काढली. पाच आठवड्यांच्या वर्गणीमागे एका आठवड्याचा लाभ, तोही वर्षात कमाल १५ आठवडे. तुटक काम करणाऱ्याचा लाभ त्यामुळे आपोआप तोकडा झाला.

आजही बहुतेक कायद्यांत ‘तात्पुरता’ हा शिक्का अपात्र ठरवत नाही. पात्रता अडते ती मोजमापात. जर्मनीत साधारणतः ३० महिन्यांत १२ महिन्यांचा विमाकाळ लागतो. प्रामुख्याने अल्पमुदतीची कामे करणाऱ्यांना काही अटींवर ६ महिने पुरतात. कॅनडात तासांचा हिशेब असून प्रदेशातील बेकारीनुसार सर्वसाधारणपणे ४२० ते ७०० तास भरावे लागतात. फ्रान्समध्ये रंगभूमी व चित्रपट क्षेत्रातील कलावंत-तंत्रज्ञांसाठी बारा महिन्यांत ५०७ तासांची अट आहे. प्रयोगागणिक मानधन घेणाऱ्या कलावंताचे एक मानधन १२ तासांचे धरतात. म्हणजे निव्वळ प्रयोगांवर जगणाऱ्यास वर्षात ४३ प्रयोग हवेत; तालमींचे वेगळे वेतन नसेल तर त्या हिशेबाबाहेर राहतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या करारात (क्र. १६८) पात्रताकाळ हंगामी कामगारांच्या परिस्थितीशी जुळवून घ्यावा, असे म्हटले आहे.

मुदत संपून सुटलेले काम सहसा राजीनामा मानत नाहीत. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र पुरवठादार संस्थेच्या कामगाराने एक काम संपताच संस्थेकडे पुढचे काम मागावे लागते. न मागितल्यास त्याने स्वतःहून नोकरी सोडली असे धरले जाऊ शकते.