गावची कुत्री, रेबीजची लस आणि भाद्रपदाआधीचे तीन महिने

भाद्रपद लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही गावात एका मादीमागे सात-आठ नरांचं टोळकं फिरताना दिसतं. रात्री गल्लीत त्यांची भांडणं जुंपतात, दुचाकीमागे कुत्री धावतात, शाळेला निघालेली पोरं लांबच्या वाटेनं जातात. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी, दिवाळीच्या पुढेमागे, गवताच्या गंजीखाली नाहीतर गुऱ्हाळाच्या चिपाडात पिल्लं सापडतात. एका वेताला चार ते सहा. पौष संपेपर्यंत त्यातली बरीचशी मेलेली असतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या पिल्लांचा मागोवा घेतला, तेव्हा दर पाचातलं जेमतेम एक पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत टिकलं. जी गेली त्यातल्या निम्म्याहून अधिक पिल्लांच्या बाबतीत कारण माणूसच होता. कुणी गाडीखाली गेलं, कुणाला मारलं, कुणाला उचलून नेलं.

नसबंदी कशाला, असं गावात विचारलं तर उत्तर येतं, कुत्री कमी व्हायला. ते बरोबर आहे, पण संख्या हळूहळू उतरते, त्याला वर्षं लागतात. त्याच्या आधी दिसणारा फायदा वेगळा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. नसबंदीमुळे रेबीजची लस गावात टिकते.

हे समजायला आधी रेबीज समजून घ्यावा लागतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत या रोगाचा विषाणू असतो. चावल्यानंतर तो रक्तातून अंगभर पसरत नाही. जखमेजवळच्या स्नायूत काही काळ थांबतो, मग तिथल्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या आतल्या आत मेंदूकडे सरकत राहतो. पायाला चावा असेल तर ही वाट लांब, चेहऱ्याला किंवा मानेला असेल तर फारच आखूड. लहान मुलांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून त्यांना धोका जास्त. बहुतेकांना एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसतात, आणि एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं जातात. त्यातली एक तृतीयांशाहून अधिक भारतातली. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो.

विषाणू मेंदूत पोचण्याआधीचे दिवस हीच आपली संधी. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण ते फोडतो. म्हणून चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं साबणानं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. पोटात १४ इंजेक्शनं ही गोष्ट अजून आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि भारतानं २००४ च्या अखेरीस तिचं उत्पादन थांबवलं. आता दंडात चार-पाच वेळा सुई घ्यावी लागते, आणि जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेतच प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात. ते चुकवू नये. लशीनं अंगात स्वतःची प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात, तोवर हीच बाहेरून दिलेली प्रतिपिंडं राखण करतात.

आता कुत्र्यांकडे येऊ. एक पिसाळलेलं कुत्रं मरण्याआधी सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देतं. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या वस्तीत बारा-पंधरा जणांना सहज देतो. त्या मानानं रेबीज कुत्र्यांमध्ये फारच सावकाश पसरतो. हिशेब केला तर गावातल्या निम्म्या कुत्र्यांना लस असली तरी साखळी तुटायला हवी. मग शास्त्रज्ञ ७० टक्क्यांचा आग्रह का धरतात?

कारण लस टोचलेली कुत्री मरतात आणि त्यांच्या जागी बिनलशीची पिल्लं येतात. समजा, गावात १०० कुत्री आहेत. आपण शिबिर घेतलं आणि ७० कुत्र्यांना लस दिली. वर्षभरात १०० पैकी ४० मेली, तर लस घेतलेल्या ७० मधली साधारण २८ गेली. उरली ४२. मेलेल्या ४० च्या जागी भाद्रपदाची नवी ४० उभी राहिली. म्हणजे गावात पुन्हा १०० कुत्री, पण लस असलेली निम्म्याहून कमी. ही घागर गळकी आहे. दरवर्षी भरावी लागते, आणि एक वर्ष चुकलं की तळ दिसतो. ७० टक्के लस म्हणजे पुढची गळती धरून ती आधीच काठोकाठ भरणं, आणि नसबंदी म्हणजे तिची भोकं बुजवणं. मादीला पिल्लं झाली नाहीत, तर ती जास्त वर्षं जगते, नवी बिनलशीची कुत्री कमी येतात आणि मागच्या वर्षीची मेहनत यंदाही कामाला येते. म्हणूनच नसबंदीच्या टेबलावरून लस न घेता एकही जनावर खाली उतरू नये, आणि पुढची लस दरवर्षी चुकू नये.

जयपूरमध्ये १९९४ पासून हे काम झालं. २००२ पर्यंत तिथल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण पार पडलं. त्यातल्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी उतरली, आणि कार्यक्रम चाललेल्या भागात माणसांचा रेबीज शून्यावर आला. इथे माद्यांचा आकडा महत्त्वाचा. दहा नर खच्ची केले आणि अकरावा राहिला, तर तो एकटाच गल्लीतल्या सगळ्या माद्यांना पुरतो. पैसा आणि वेळ थोडा असेल तेव्हा आधी मादी धरावी.

मारून टाकण्याचा मार्गही लोकांनी करून पाहिला आहे. इंडोनेशियाच्या बाली बेटावर २००८ मध्ये रेबीज शिरला, तेव्हा आधी कुत्री मारली गेली. रोग थांबला नाही. मोठ्या प्रमाणावर लसीकरण झालं तेव्हा तो उतरू लागला. कारण साधं आहे. उकिरड्यावरचं अन्न तेवढंच राहतं. मेलेल्यांच्या वाटणीचं उरलेल्यांना मिळतं, त्यांची जास्त पिल्लं जगतात, आणि मोकळ्या झालेल्या गल्लीत शेजारच्या गावची कुत्री येतात. मारताना आपण ज्यांना लस दिली होती तीच बहुधा आधी सापडतात, कारण ती माणसाला बुजत नाहीत.

आपल्या भागाला सर्वांत जवळचा धडा चोर्ला घाटाच्या पलीकडे आहे. गोव्यात २०१४ पासून राज्यभर कुत्र्यांचं लसीकरण सुरू झालं. पुढे दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस मिळू लागली. सोबत शाळाशाळांतून मुलांना शिकवलं, आणि संशयित कुत्र्याची खबर मिळताच जाऊन त्याची तपासणी करणारी पथकं ठेवली. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तिथे रेबीजनं एकही माणूस गेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पण गोव्याला सतत काळजी आहे ती सीमेची. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूनं आणि महाराष्ट्राच्या बाजूनं पुन्हा रोग येऊ शकतो. आपण इथे तीन राज्यांच्या तिठ्यावर राहतो. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात, मधे हमरस्ता. तालुक्याचं शिबिर हद्दीच्या दगडापाशी थांबतं, कुत्रं थांबत नाही. शिवाय ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्यांबरोबर आणि मेंढरांच्या कळपांबरोबर कुत्री जिल्हेच्या जिल्हे ओलांडतात. सीमावादावर आपल्याकडे सत्तर वर्षं बोलणं झालं. निदान कुत्र्यांच्या लसीसाठी तरी चंदगड आणि बेळगाव तालुक्यांनी एकाच आठवड्यात शिबिरं घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यात कुणाचंच राजकारण आड येऊ नये.

वेळ कोणती धरायची? शिबिरं सहसा हिवाळ्यात ठेवतात. हवा बरी असते, सुगी आटोपलेली असते. माद्यांसाठी मात्र हा काळ गैरसोयीचा आहे. त्या नुकत्या व्यालेल्या असतात, दूध पाजत असतात. अशा मादीला उचललं तर मागे पिल्लं उपाशी मरतात. कार्तिकातली पिल्लंही तेव्हा लहान असतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार सहा महिन्यांखालचं पिल्लू नसबंदीसाठी पकडता येत नाही. ही पिल्लं सहा महिन्यांची होतात ती वैशाखाच्या सुमारास, आणि पहिल्यांदा माजावर येतात ती बऱ्याचदा त्याच वर्षीच्या भाद्रपदात. म्हणजे खरे कामाचे महिने वैशाख, ज्येष्ठ आणि आषाढ. अथणी-चिकोडीकडे यात अडचण नाही. खानापुरात मात्र ज्येष्ठापासून पाऊस कोसळतो, चार-चार दिवस ऊन नसतं आणि ओल्या अंगावर टाका पिकतो. तिथे वैशाखातच उरकावं, आणि उरलेल्यांसाठी कोरडी जागा हवी.

इथे निवाऱ्याचा प्रश्न येतो. निवारा म्हणजे गावची सगळी कुत्री आयुष्यभर कोंडून ठेवायची जागा, असं पुष्कळांना वाटतं. २०१९ च्या पशुगणनेत कर्नाटकात ११ लाखांहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्यांना पिंजरे आणि रोजचं अन्न कुठलाही जिल्हा देऊ शकत नाही. दाटीवाटीनं ठेवली तर डिस्टेंपर आणि पार्व्हो हे दोन रोग आठवड्यात अर्धा निवारा रिकामा करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं पुन्हा त्याच भागात सोडायचं आहे. पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं असेल तर नाही. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री मात्र हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे कायमच्या जागा थोड्यांनाच लागतील. बाकीच्यांसाठी निवारा हा चार-पाच दिवसांचा दवाखाना आहे.

शस्त्रक्रिया कशी होते हे पाहिलं की या चार-पाच दिवसांची किंमत कळते. आदल्या रात्रीपासून जनावर उपाशी ठेवावं लागतं, नाहीतर भूल देताना उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. गल्लीतल्या कुत्र्याला रात्री कोण भाकरी टाकतं याचा नेम नाही, म्हणून ते आदल्या दिवशीच आणावं लागतं. मादीच्या कुशीवर किंवा पोटाखाली बोटभर छेद घेतात. गर्भाशयाच्या दोन शिंगांसारख्या नळ्या आकडीनं हळूच वर काढतात, दोन्ही बीजकोशांच्या मुळाशी रक्तवाहिन्या बांधतात आणि सगळं मिळून कापून काढतात. ही गाठ सैल राहिली तर आतल्या आत रक्त वाहून मादी रात्रीत जाते, म्हणून पहिल्या रात्री कुणीतरी जागं हवं. टाके विरघळणारे घालतात. रस्त्यावरच्या जनावरासाठी कुशीवरचा छेद मला जास्त सोयीचा वाटतो. तो लांबूनही दिसतो, धरायला न लागता तपासता येतो. भूल असतानाच कानाच्या टोकाला एक खाच पाडतात. तीच तिची ओळख; पुढच्या वर्षी तिला पुन्हा टेबलावर घ्यायचं नाही, फक्त लस द्यायची. नियमानुसार शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस देखरेख लागते.

अशा दहा-पंधरा पिंजऱ्यांची जागा दर होबळीला, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या प्रत्येक गटाला, एक असली तरी खूप होईल. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. धुता येणारी फरशी, पाणी, वीज, लशीसाठी २ ते ८ अंशांत राहणारा फ्रीज, अवजारं निर्जंतुक करायची सोय, एक गाडी. गावानं द्यायच्या वस्तूही घरातल्याच असतात. जुनी लुगडी, गोणपाट, रद्दी, तांदूळ. पैशापेक्षाही मोलाची मदत म्हणजे माणूस. शहरात जाळं टाकून कुत्री धरतात, त्यात ती घाबरतात, चावतात. गावात प्रत्येक कुत्र्याला भाकरी देणारं कुणीतरी घर असतं. त्या घरच्या काकूंनी हाक मारली तर तेच कुत्रं शेपूट हलवत गाडीत चढतं.

अन्नाकडेही बघायला हवं. लक्ष्मी यात्रेनंतर गावकुसाबाहेर पडलेली हाडं, रविवारी चिकन सेंटरमागे टाकलेली आतडी, लग्नाच्या पत्रावळी यांवरच कुत्र्यांची संख्या ठरते. हा कचरा खड्ड्यात पुरला तर पिल्लं कमी जगतात, आणि बिबट्याही लांब राहतो. महाराष्ट्रातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. भीमगड अभयारण्याला लागून असलेल्या खानापूरच्या गावांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तिथल्या कोळसुंद्यांनाही, म्हणजे रानकुत्र्यांनाही, गावकुत्र्यांचा डिस्टेंपर लागू शकतो.

नियमांप्रमाणे ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे ग्रामपंचायतीचीही आहे, आणि काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं. ग्रामसभेत ठराव घेऊन पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) हाती द्यावा, सोबत गल्लीवार यादी जोडावी: कुत्र्याचा रंग, नर की मादी, कुणाच्या दारात असतं, कानाला खाच आहे का. शाळेतली मोठी मुलं एका रविवारी ही यादी करू शकतात. परत आणताना हीच यादी गाडीत ठेवावी आणि मादीला तिच्याच दारात उतरवावं. दुसऱ्या गल्लीत सोडलं तर तिथली कुत्री तिच्यावर तुटून पडतात आणि ताजा टाका उसवतो.