बिअरच्या हंड्यातला उशीर

बार्लीला मोड आणून, ती वाळवून, भरडून गरम पाण्यात घातली की तासाभरात त्या पाण्याला गोडी येते. ही साखर बाहेरून घातलेली नसते. दाण्यातल्याच दोन एन्झाइमनी स्टार्चची साखळी तोडून ती बनवलेली असते. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंश सेल्सिअसला खुशीत असते आणि साखळीच्या टोकाकडून माल्टोज साखर खुडत जाते. अल्फा-अमायलेजला ७०च्या आसपासची ऊब मानवते, आणि ते साखळी मधूनच कुठेही तोडते. त्यातले मोठे तुकडे यीस्टला पचत नाहीत, ते बिअरमध्ये तसेच राहतात. म्हणून ६४ अंशांवर ठेवलेल्या मॅशची, म्हणजे पाण्यात भिजलेल्या या भरड्याची, बिअर कोरडी आणि हलकी होते, ६९ अंशांवरची दाट आणि भरीव. एवढ्या पाच अंशांपायी घरी बिअर करणारी माणसे गॅरेजमध्ये पंप, रिले आणि वायरींचे जंजाळ उभे करतात.

हे मुख्यतः अमेरिकेतल्या गॅरेजांबद्दल चालले आहे. तिथे १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करणाऱ्यांना केंद्रीय करातून सूट मिळाली आणि हा छंद उघड्यावर आला. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणे गुन्हा आहे. इथल्या वाचकाने यातले नियंत्रणाचे शास्त्र तेवढे उचलावे. ते दही लावायच्या पेटीलाही तसेच लागू पडते.

सगळ्यात सोपी युक्ती थर्मोस्टॅटची: मॅश ६७ अंशांवर हवा असेल तर ६७च्या खाली गेले की हीटर चालू, वर गेले की बंद. ती इथे फसते. जाड बुडाच्या पातेल्यात दूध तापत असताना गॅस बंद केला तरी ते उतू जाते, तसेच इथे होते. हीटरच्या अंगातली उष्णता अजून बाहेर यायची असते, आणि सेन्सरला तिची खबर उशिरा लागते. डीएस१८बी२० हा या छंदातला लाडका सेन्सर, स्वस्त आणि डिजिटल. एकाच तारेवर असे कितीतरी सेन्सर जोडता येतात, कारण प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची, आणि पूर्ण बारकाईने एक मोजणी करायला त्याला पाऊण सेकंद लागतो. पण खरा उशीर सेन्सरचा नसतो. तो स्टीलच्या नळीतून, ओल्या भरड्यातून, पातेल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत उष्णता पोचण्याचा असतो.

या दुखण्यावरचा उपाय बिअरवाल्यांनी शोधलेला नाही. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्याने १९२२ मध्ये जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवर लिहिताना तो मांडला. मुरलेला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच पाहत नाही. ते किती वेगाने वळते आहे आणि वारा बराच वेळ एकाच बाजूने ढकलतो आहे का, हेही तो जोखतो. आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चुकीचा वेग, या तिन्हींचा हिशेब म्हणजे पीआयडी. आज तो आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या प्रोग्रॅममधल्या काही ओळींत मावतो. त्याने आकडा काढला की ४० टक्के उष्णता हवी, तर सॉलिड स्टेट रिले हा इलेक्ट्रॉनिक स्विच दर दोन सेकंदांतले ०.८ सेकंद हीटर चालू ठेवतो.

नवखे लोक अडकतात ते साचलेल्या चुकीपाशी. ३० लिटर पाणी २५ वरून ६७ अंशांवर न्यायला सुमारे ५,३०० किलोज्यूल लागतात. (ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो, तो जूल सॅल्फर्डच्या बिअर कारखानदाराचा मुलगा.) तीन किलोवॅटच्या हीटरला यासाठी अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ चूक साचतच जाते, आणि ६७ आले तरी जुनी बाकी फेडायची म्हणून कंट्रोलर हीटर सोडत नाही. तापमान ७२ वर जाते आणि बीटा-अमायलेज काही मिनिटांतच निकामी होते. मग थंड पाणी ओतून काही परत येत नाही. उपाय साधा आहे: लक्ष्य जवळ येईपर्यंत साचलेली चूक मोजायचीच नाही.

दुसरा प्रश्न, सेन्सर कुठे लावायचा? हर्म्स या मांडणीत मॅशमधला गोड रस पंपाने उचलून गरम पाण्याच्या हंड्यातल्या नळीच्या गुंडाळीतून फिरवतात आणि परत भरड्यावर सोडतात. सेन्सर मॅशच्या मध्यात ठेवला तर तो ६७ दाखवेपर्यंत गुंडाळीतून निघणारा रस कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि एन्झाइम तर त्या रसातच विरघळलेले आहे. म्हणून सेन्सर गुंडाळीच्या तोंडाशी लावणे शहाणपणाचे. सगळा मॅश तापायला जरा वेळ लागतो, पण काही जळत नाही. पंप मात्र जोरात चालवू नये. भरडा खाली दबून बसतो आणि रस वाहायचाच थांबतो.

विजेच्या बाबतीत माझे मत कडक आहे. सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालूच राहतो. कंट्रोलर ‘बंद’ म्हणत राहतो आणि हीटर तापत राहतो. म्हणून त्याच्या आधी वेगळा कॉन्टॅक्टर (वीजपुरवठाच तोडणारा दणकट स्विच), हाताने दाबायचे बंद बटण आणि ३० मिलिअँपिअर वीजगळतीला तुटणारा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच हवाच. हे नसेल तर बाकीचे सगळे यंत्र खेळणे आहे.

यीस्ट घातल्यावर अडचण उलटी होते, कारण आता उष्णता आतूनच येते. एक किलो साखर आंबताना साधारण ५०० ते ६०० किलोज्यूल उष्णता निघते. २० लिटरमध्ये दोन किलो साखर आंबली आणि ती उष्णता कुठेच गेली नाही, तर तापमान बारा-चौदा अंशांनी चढेल. म्हणून भांडे जुन्या फ्रिजमध्ये ठेवतात. पण बिअर पाहून फ्रिज चालवला तर ती थंड होईपर्यंत फ्रिजातली हवा गोठणबिंदूला टेकते, आणि फ्रिज बंद झाल्यावरही बिअर गार होतच राहते. नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ब्रूपाय या प्रकल्पाने यासाठी दोन पायऱ्या केल्या. बिअरचे तापमान पाहून फ्रिजातली हवा किती गार असावी ते ठरवायचे, आणि कॉम्प्रेसर त्या हवेवर चालवायचा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर काही मिनिटे पुन्हा चालू करायचा नाही ही अटही त्यात आहे, नाहीतर दाबाविरुद्ध सुरू होताना मोटर जळते. सुरुवातीच्या रचनेत हे सगळे आर्डुइनो सांभाळत होता. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक फक्त आलेख काढत होता. संगणक अडकला तरी बिअर बिनघोर.

हल्ली साखर किती उरली तेही भांडे न उघडता कळते. आयस्पिंडल नावाची जर्मन बनावटीची नळी रसात तिरकी तरंगते. साखर संपते तशी घनता घटते, नळी आणखी उभी होते आणि तो कोन वायफायवरून येतो. कोनाचे घनतेत रूपांतर करायला ती आधी वेगवेगळ्या मापाच्या साखरपाण्यात तरंगवून नोंदी घ्याव्या लागतात. आंबणे जोरात असताना फेस आणि यीस्ट नळीला चिकटले की आकडे उड्या मारू लागतात, तेव्हा बाटल्या भरायच्या आधी घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर बुडवून पाहणेच बरे.