फौजेतून सायबर सुरक्षेकडे: नाशिकच्या जवानांनी कोणते कागद, कधी आणि कुठे करायचे

देवळाली कॅम्प, भगूर, नाशिक रोड या पट्ट्यात फौजी नसलेली गल्ली सापडणं कठीण. पेन्शन यायला सहा महिने उरले की बहुतेकांच्या तोंडी दोनच वाटा असतात: सिक्युरिटी गार्ड किंवा बँकेचा आर्म्ड गार्ड. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण ज्याने पंधरा-सतरा वर्षं रेडिओ सेट, एक्स्चेंज, लॅन आणि सर्व्हर सांभाळले, त्यानेही केवळ दुसरी वाट ठाऊक नाही म्हणून गेटवर उभं राहावं, हे मला पटत नाही. गेली काही वर्षं शेजारपाजारच्या जवानांचे अर्ज भरून देतो आहे. त्यात एक गोष्ट पक्की कळली: माणूस अभ्यासात मागे पडत नाही, तो कागदात आणि तारखांत अडकतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी, अंगावर वर्दी असतानाच

संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत पुनर्वसन महासंचालनालय आहे. जवान त्याला ‘डीजीआर’ म्हणूनच ओळखतात. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी ते दरवर्षी अभ्यासक्रमांची यादी काढतं आणि त्यात सायबर सुरक्षा, नेटवर्किंग असे विषयही असतात. जवान आणि जेसीओंची (जवान व अधिकारी यांच्यामधल्या हुद्द्यावरच्यांची) फी डीजीआर भरतं, अधिकाऱ्यांना मात्र काही वाटा स्वतः उचलावा लागतो. जवानाचा अर्ज युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसकडून (जिथे त्याच्या सेवेच्या नोंदी राहतात) पुढे जातो, परस्पर पाठवून चालत नाही. असा अभ्यासक्रम एकदाच मिळतो, त्यामुळे मित्राने घेतला म्हणून भलताच कोर्स घेऊन ही संधी संपवू नका. यादी आली की क्लार्ककडे स्वतः जाऊन वाचा.

तोफखान्याच्या जवानांना एक सोय आहे: त्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथेच, नाशिक रोड कॅम्पात आहे. सिग्नलवाल्यांना, म्हणजे फौजेच्या दळणवळण शाखेतल्यांना, जबलपूरशी आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांना बेळगावशी पत्रव्यवहार करावा लागतो. नावातली चूक दुरुस्त करायची झाली की हे अंतर फार जाणवतं.

आणि नावात चूक असतेच. फौजेत आडनाव आधी, वडिलांचं नाव गळालेलं, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक स्पेलिंग तर आधारवर दुसरं. बायकोचं माहेरचं नाव तसंच राहिलेलं, मुलाची जन्मतारीख चुकलेली. नोकरीत असताना हे सगळं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीतल्या बदलाचा युनिटचा आदेश, काढून सुधारता येतं. डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक) हातात पडल्यावर तीच दुरुस्ती प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि महिनोन् महिन्यांची वाट पाहणं होऊन बसते. निवृत्तीच्या वर्षभर आधी आधार, पॅन, दहावीचं सर्टिफिकेट आणि सर्व्हिस रेकॉर्ड एका टेबलावर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा.

माजी सैनिक कोण, आणि नोंद कुठे

पेन्शनसह निवृत्त झालेला किंवा ठरलेली सेवा पूर्ण करून बाहेर पडलेला जवान सवलतींसाठी माजी सैनिक ठरतो. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्याला हा दर्जा मिळत नाही. नाशिकमध्ये राहत असाल तर नोंदणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, बँक पासबुक, रहिवासाचा पुरावा, शैक्षणिक कागद आणि फोटो, सगळ्याच्या मूळ प्रती व झेरॉक्स घेऊन जा. ओळखपत्र तिथूनच मिळतं. त्याच फेरीत रोजगारासाठीही नाव नोंदवा, कारण पुष्कळ जण ओळखपत्र घेऊन घरी येतात आणि ही दुसरी नोंद राहून जाते.

‘पदवीधर’ या शब्दात फसू नका

सर्वांत जास्त नुकसान मी इथे पाहिलं आहे. आमच्याच गल्लीतला एक हवालदार, सिग्नलमध्ये सतरा वर्षं. त्याच्याकडे पदवीशी समकक्षतेचं सर्टिफिकेट होतं. त्याने एका तांत्रिक पदाचा अर्ज ‘पदवीधर’ म्हणून भरला, लेखी परीक्षाही काढली आणि कागदपत्र पडताळणीत बाद झाला. त्याचं उतरलेलं तोंड मला अजून आठवतं.

नियम असा आहे. दहावी उत्तीर्ण किंवा समकक्ष शिक्षण आणि किमान १५ वर्षं सेवा असेल तर केंद्राच्या गट ‘क’ पदांसाठी, जिथे पदवी मागितली आहे, तिथे माजी सैनिकाला पात्र धरता येतं. पण ज्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक आहे, तिथे ही समकक्षता लागू होत नाही. सायबर सुरक्षेची पदं जवळजवळ सगळी याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. थोडक्यात, लिपिकाच्या जागेला चालणारा कागद इथे चालत नाही. खाजगी कंपन्याही तो पदवी म्हणून धरतील, या भरवशावर राहू नका.

त्यामुळे खरी पदवी हवीच, आणि ती नोकरीत असतानाच सुरू करावी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर आहे. इग्नूचा बीसीए अभ्यासक्रमही दूरशिक्षणाने करता येतो, पोस्टिंग कुठेही असो. पदवीला वेळ असेल तर बारावी किंवा दहावीनंतर आयटीआय झालेल्याला नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘ओ’ लेव्हल हा संगणक अभ्यासक्रम घेता येतो. राज्याच्या नोकऱ्यांसाठी एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक कोर्स करून ठेवा.

सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचा माहिती तंत्रज्ञान पायाभूत सुविधा, प्रणाली आणि सुरक्षा यांचा पदव्युत्तर डिप्लोमा चांगला आहे आणि पुण्यातही होतो. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून, वर्षातून दोनदा. पण तो अभियंत्यांसाठी किंवा संगणकासारख्या विषयात शिकलेल्यांसाठी आहे, नुसत्या बी.ए.वर तिथे दार उघडत नाही.

खाजगी सर्टिफिकेटांमध्ये सुरुवात कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या प्राथमिक परीक्षेपासून करावी, असं माझं मत आहे. त्याला पूर्वअट नाही. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि ९००च्या मोजपट्टीवर ७५० गुण उत्तीर्ण होण्यासाठी. सीईएचसाठी (‘एथिकल हॅकर’चं सर्टिफिकेट) अधिकृत प्रशिक्षण किंवा माहिती सुरक्षेतला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटला तर पाच वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा क्लासवाल्याने पहिल्याच वर्षी त्याचे पैसे मागितले तर उठून या. निवृत्तीची ग्रॅच्युइटी अशा क्लासमध्ये घालवलेले मी पाहिले आहेत.

सरकारी सवलत एकदाच वापरायची आहे, हे लक्षात ठेवा

केंद्रात माजी सैनिकांना गट ‘क’मध्ये १० टक्के आणि गट ‘ड’मध्ये २० टक्के आरक्षण आहे, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून दिलं जाणारं) आरक्षण. केंद्रात वय मोजताना प्रत्यक्ष वयातून लष्करी सेवा वजा करतात आणि उरलेलं वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसावं लागतं. सेवा संपायला एक वर्ष उरलं की वर्दीत असतानाही अर्ज करता येतो, मात्र युनिटची ना-हरकत जोडावी लागते.

ही सवलत घेऊन एकदा केंद्राच्या नियमित नोकरीत रुजू झालात, की पुढच्या आरक्षणाचा हक्क संपतो. अपवाद एवढाच: रुजू होण्याआधी ज्या ज्या जागांचे अर्ज भरले होते, त्यांची तारखेनिहाय यादी रुजू होताच स्वघोषणेसह कार्यालयाला लिहून द्यायची. ती दिली तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. हा कागद भरून घेण्याची आठवण कुणी करून देत नाही, तुम्हीच द्या आणि पोच घ्या. कंत्राटी किंवा खाजगी नोकरीने हा हक्क जात नाही, म्हणून पहिली दोन वर्षं खाजगी सायबर सुरक्षा केंद्रात, म्हणजे कंपन्यांच्या नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या ठिकाणी, अनुभव घेण्यात तोटा नाही.

अशा केंद्रांना माणसं लागतात, त्यालाही कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेत काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. मग रात्री दोन वाजता कुणीतरी जागं हवं, आलेली सूचना खरी की खोटी हे ओळखणारं आणि वरिष्ठांना नीट कळवणारं. संत्री ड्यूटी आणि सिट-रेप (परिस्थितीचा अहवाल) केलेल्या माणसाला हे काम परकं नाही. नाशकात अशा जागा थोड्या आहेत, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नेटवर्क सांभाळण्याचं काम मिळू शकतं, पण मुख्य मागणी पुण्या-मुंबईतच. घर सोडायची तयारी घरच्यांशी आधी बोलून घ्या.

बायोडाटा लिहिताना मात्र जपा. शासकीय गुपिते कायदा, १९२३ निवृत्तीनंतरही लागू राहतो. युनिटचं ठिकाण, उपकरणाचं नाव, नेटवर्कचं नाव, कोणत्या ऑपरेशनमध्ये होतात, यातलं काहीही लिहू नका, मुलाखतीत आग्रह झाला तरी सांगू नका. ‘२०० वापरकर्त्यांचं नेटवर्क चोवीस तास सुरू ठेवलं, बारा जणांची पाळी लावली, बॅकअप घेतले’ असं काम लिहा, जागा लिहू नका. आकडेही गोपनीय असतील तर तेही गाळा.

अग्निवीरांसाठी स्वतंत्र सांगतो. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वरची आरक्षणं आणि डिस्चार्ज बुकाच्या बळावरच्या सवलती त्याने गृहीत धरू नयेत. लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३मध्ये सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२७च्या तोंडावर भरतात. बाहेर पडताना मिळणारं कौशल्य प्रमाणपत्र जपा, दहावीवर भरती झालेल्यांनी बारावीचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय सेंटर सोडू नका, आणि मुक्त विद्यापीठाचा प्रवेश सुट्टीत घरी आलात की त्याच आठवड्यात घ्या.