मीट अँड थ्री: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दुपारच्या जेवणामागचा इतिहास

अटलांटा, नॅशव्हिल किंवा बर्मिंगहॅमला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसातली मंडळी कधी ना कधी ‘मीट अँड थ्री’ला घेऊन जातात. हातात ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. समोर वाफेवर गरम ठेवलेले स्टीलचे मोठे ट्रे. त्यातून एक मांसाहारी पदार्थ निवडायचा: तळलेलं चिकन, मीटलोफ किंवा कॅटफिश. मग तीन भाज्या: कोलार्डची पालेभाजी, चवळी, तळलेली भेंडी, रताळं, बटर बीन्स. मॅकरोनी अँड चीजसुद्धा इथे भाजीतच धरतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. बरोबर मक्याचा कॉर्नब्रेड आणि बर्फ घातलेला गोड चहा. शेवटी बनाना पुडिंग, पीच कॉबलर किंवा पेकन पाय (‘पाय’ म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ). कपडे कसेही चालतात, बिल बेताचं असतं आणि गप्पांत तास सहज जातो.

या जेवणातला हा सहजपणा फार जुना नाही. जेवण जुनं आहे, पण ते ज्यांच्या हातांनी घडलं त्या काळ्या माणसांनाच परवापरवापर्यंत गोऱ्यांच्या टेबलावर बसायची मुभा नव्हती. मीट अँड थ्रीची पार्श्वभूमी सांगताना पाककृतींइतकंच हेही सांगावं लागतं.

दक्षिणेतल्या शेतकरी घरांत दिवसाचं मुख्य जेवण दुपारचंच. पहाटे शेतावर गेलेली माणसं दुपारी पोटभर जेवत आणि रात्री उरलंसुरलं खाऊन झोपत. गिरण्या, रेल्वे आणि कचेऱ्यांमुळे लोक शहरात आले, पण दुपारच्या भरपेट जेवणाची सवय सुटली नाही. ती भागवली बोर्डिंग हाऊसनी आणि बायकांनी चालवलेल्या छोट्या भोजनगृहांनी. आपल्याकडच्या खानावळींचीच ही भावंडं. सव्हानामध्ये सेमा विल्क्स यांनी १९४३ मध्ये असंच एक बोर्डिंग हाऊस हाती घेतलं. तिथे आजही अनोळखी माणसं एका मोठ्या टेबलाभोवती बसतात आणि भाज्यांची भांडी हातोहात फिरतात. अटलांटामध्ये मेरी मॅकेन्झी यांनी १९४५ मध्ये ‘मेरी मॅक्स टी रूम’ उघडली. बाईमाणसानं रेस्टॉरंट चालवणं तेव्हा प्रतिष्ठेचं मानलं जात नसे, म्हणून पाटी टी रूमची आणि आत पूर्ण जेवण, अशी तोड अनेकींनी काढली. बर्मिंगहॅममध्ये हा धंदा मोठ्या प्रमाणावर ग्रीसहून आलेल्या स्थलांतरितांनी उभा केला. नॅशव्हिलनं तर मीट अँड थ्री ही आपली ओळखच करून टाकली. तिथलं १९८२ साली सुरू झालेलं ‘अर्नोल्ड्स कंट्री किचन’ देशभर नावाजलं गेलं.

आता ताटाकडे पाहू. भेंडी आणि चवळी आपल्या रोजच्या जेवणातल्या, त्यामुळे त्या अमेरिकेत भेटल्या की माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. पण तिथे त्या भारतातून पोचलेल्या नाहीत. गुलामांच्या व्यापाराच्या काळात त्या आफ्रिकेतून अटलांटिकपार गेल्या. मका मूळ अमेरिकी रहिवाशांचा. कोलार्ड युरोपातून आलेली, कोबीच्या कुळातली भाजी. पण ती तासन्‌तास शिजवायची, खाली उरलेलं पाणी टाकून न देता त्यात कॉर्नब्रेड बुडवून खायचा, ही रीत गुलामीतल्या काळ्या स्वयंपाकिणींनी रुजवली. त्या पाण्याला ‘पॉटलिकर’ म्हणतात आणि सगळा कस त्यातच उतरलेला असतो. मालकाच्या घरी डुकराचं चांगलं मांस जाई. उरलेली हाडं, खूर आणि चरबी पालेभाजीत पडत. ती चव आजही टिकून आहे. म्हणून शाकाहारी माणसानं इथे जपून राहावं: मांसाचा पदार्थ वगळून नुसत्या भाज्यांचं ‘व्हेजिटेबल प्लेट’ मिळतं, पण त्यातल्या कोलार्डमध्ये आणि घेवड्याच्या शेंगांत खारवलेलं डुकराचं मांस असण्याची शक्यता मोठी. विचारून घेतलेलं बरं.

गुलामी १८६५ मध्ये कायद्यानं संपली, पण पुढच्या काही दशकांत दक्षिणेतल्या राज्यांनी वर्णविभाजनाचे कायदे केले. भटारखान्यात काळी माणसं रांधत आणि पुढे गोरी माणसं जेवत. काळ्या गिऱ्हाइकाला फार तर मागच्या दारानं पुडकं बांधून मिळे. प्रवासाला निघालेली काळी कुटुंबं बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन, उकडलेली अंडी आणि पाउंड केक भरून घेत, कारण वाटेत कुठे बसायला मिळेल याची खात्री नसे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्यानं १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढलं, ते अशा प्रवाशांना कुठे थारा मिळेल हे सांगण्यासाठी. काळ्यांच्या मालकीच्या जागा होत्या आणि त्यांचं महत्त्व जेवणापुरतं नव्हतं. अटलांटामध्ये जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या ‘पास्कल्स’मध्ये पुढे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीच्या बैठका घेत. तुरुंगातून सुटलेल्या निदर्शकांना तिथे जेवू घातलं जाई.

अलाबामातल्या माँटगोमरीमध्ये डिसेंबर १९५५ मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्यांचा बस बहिष्कार सुरू झाला. तिथल्या एका भोजनालयात स्वयंपाक करणाऱ्या जॉर्जिया गिलमोर यांनी चळवळीला साथ दिली आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी घरीच रांधायला सुरुवात केली. ओळखीच्या बायकांना जोडून त्या चिकनची जेवणं, केक आणि पाय विकत आणि पैसे बहिष्काराच्या निधीत टाकत. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर ‘कुठूनच नाही’ हे उत्तर तयार. बसऐवजी लोकांना नेणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलचा खर्च काही अंशी या पायच्या पैशांतून निघाला.

या बहिष्काराची बातमी नागपुरात वर्तमानपत्रात वाचणारा एक तरुण होता. जेम्स लॉसन, काळा अमेरिकी मेथॉडिस्ट मिशनरी. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारल्याबद्दल त्यानं तुरुंगवास भोगला होता. १९५३ मध्ये तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला, तिथे शिकवू लागला, मुलांना खेळांचं प्रशिक्षण देऊ लागला आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करू लागला. १९५६ मध्ये तो मायदेशी परतला. पुढच्या वर्षी ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात त्याची किंगशी भेट झाली. थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या, असा आग्रह किंगनी धरला. लॉसन नॅशव्हिलला गेला आणि एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागला. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट हे पुढे चळवळीचे नेते झालेले विद्यार्थी तिथे तयार झाले. शिवी आली, थुंकी आली, केस ओढले तरी हात उगारायचा नाही, याचा ते एकमेकांवर सराव करत. नॅशव्हिलच्या दुपारच्या जेवणाचा इतिहास नागपूरवरून जातो, ही गोष्ट महाराष्ट्रात फार कमी सांगितली जाते. ती शाळेत शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी लंच काउंटरच का निवडला? नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत काळी बाई कपडे, भांडी, वह्या काहीही विकत घेऊ शकत होती, गल्ल्यावर तिचे पैसे चालत होते. पण त्याच दुकानातल्या काउंटरवर सँडविच आणि कॉफी घेऊन दोन मिनिटं टेकायला मनाई होती. अन्याय इतका उघडा होता की त्याचं स्पष्टीकरण देण्याची गरजच नव्हती.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोमध्ये १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी वूलवर्थ या दुकानाच्या लंच काउंटरवर जाऊन बसले. नॅशव्हिलमध्ये तयारी आधीपासून चालू होती. १३ फेब्रुवारीला शंभराहून अधिक विद्यार्थी तीन दुकानांत शिस्तीत जाऊन बसले. नीटनेटके कपडे, समोर अभ्यासाची पुस्तकं. २७ तारखेला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारहाण केली आणि पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांनाच. मार्चमध्ये लॉसनला, तो जिथे शिकत होता त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं या आंदोलनापायी काढून टाकलं. ईस्टरच्या ऐन खरेदीत काळ्या कुटुंबांनी बाजारपेठेवर बहिष्कार टाकला. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे न्यायालयाच्या इमारतीकडे चालत गेले. तिथे डायान नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं, केवळ वर्णावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? त्यांनी होकार दिला. १० मे रोजी शहरातल्या सहा काउंटरवर काळ्या गिऱ्हाइकांना पहिल्यांदा वाढलं गेलं.

पण काउंटर म्हणजे सगळी रेस्टॉरंट नव्हेत. ती उघडली २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं, आणि तीही सुखासुखी नाही. बर्मिंगहॅमच्या ‘ऑलीज बार्बेक्यू’नं कायद्याला आव्हान दिलं. तिथल्या ३६ कामगारांपैकी दोन तृतीयांश काळे होते, पण काळ्या गिऱ्हाइकांनी पुडकं घेऊन जायचं, बसायचं नाही, असा नियम. आमचं दुकान स्थानिक आहे, केंद्राच्या कायद्याचा आमच्याशी संबंध काय, असा मालकांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या खरेदीचा हिशेब पाहिला. वर्षभरातल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या मालापैकी ६९,६८३ डॉलरचं मांस परराज्यातून आलेलं होतं. म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतल्या, राज्याराज्यांतल्या व्यापाराशी संबंध आला आणि कायदा लागू झाला. १४ डिसेंबर १९६४ चा हा निकाल एकमतानं लागला. आज अमेरिकेतल्या कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये आपली सावळी मंडळी टेबल मागतात, ती मागणी याच कायद्याच्या जोरावर उभी आहे.

राहिलं गोड. बनाना पुडिंगची गोष्ट थोडक्यात आटोपते: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मध्य अमेरिकेतली केळी बोटींनी न्यू ऑर्लीन्ससारख्या बंदरांत उतरू लागली आणि पुढे व्हॅनिला बिस्किटांच्या कंपनीनं खोक्यावर पाककृती छापली. मऊ पडलेली बिस्किटं, केळ्याच्या चकत्या आणि कस्टर्ड. उकाड्यात हे गार खावं.

पेकन पायचा इतिहास मात्र मोलाचा आहे. पेकन हे अमेरिकेचंच झाड, अक्रोडाच्या कुळातलं. रानटी झाडांच्या बिया लावल्या तर प्रत्येक झाडाचं फळ वेगळं निघतं, त्यामुळे बाग लावून भरवशाचं पीक घेता येत नसे. लुइझियानातल्या ओक ॲली मळ्यावर अंत्वान नावाचा गुलाम माळी होता. त्याच्या नावापुढे आडनावाची नोंद नाही. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्यानं उत्तम फळाच्या झाडाची कलमं सोळा झाडांवर यशस्वीपणे बांधली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक (सेंटेनिअल) प्रदर्शनात त्या फळांना पारितोषिक मिळालं आणि वाणाला ‘सेंटेनिअल’ नाव पडलं. पेकनच्या व्यापारी बागा अशा कलमांवरच उभ्या राहिल्या. मक्याच्या सिरपचा ‘कॅरो’ हा ब्रँड १९०२ मध्ये बाजारात आला आणि १९३० च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी पेकन पाय घरोघरी नेला. या पायची कहाणी सहसा त्या सिरपपासून सुरू केली जाते. ती अंत्वानच्या कलमांपासून सुरू व्हायला हवी.